वाचणाऱ्याचा पगार

मामा लंडनला आले त्या आठवड्यात पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. म्हणून बागा आणि पूल बाजूला ठेवून मी त्यांना ब्रिटिश म्युझियमच्या प्रिंट्सच्या अभ्यासिकेत घेऊन गेले. आधी वेळ ठरवून गेलं की तिथे हवं ते चित्र मागवता येतं. हात धुवायचे, पेन पिशवीत ठेवायचं, पेन्सिल तेवढी बाहेर काढायची. मग जाड पुठ्ठ्यावर बसवलेला जुना कागद आपल्यासमोर येतो. मी मागवलं होतं अठराव्या शतकातल्या विल्यम होगार्थ या इंग्रज व्यंगचित्रकाराचं ‘स्कॉलर्स ॲट अ लेक्चर’. चित्र लहानसंच, वहीच्या पानाएवढं. ऑक्सफर्डचे एक पंडित वाचतायत आणि समोर विद्वानांची दाटी. मामांनी सांगलीकडच्या एका कॉलेजात आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून बराच वेळ पाहत राहिले. जाता जाता एका मुलीची नजर चित्रावर पडली आणि ती हसली. मामा हसले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “अगं, हे जे वाचतायत ना, यांना पगार कोण देत होतं?”

“कॉलेज देत असणार,” मी म्हटलं. “आणि कॉलेजला?” त्यांनी लगेच पुढचं विचारलं. मामा परत गेले, पण प्रश्न माझ्याकडेच राहिला. अठराव्या शतकातली इंग्रजी व्यंगचित्रं मी कित्येक वर्षं हौसेने बघत आलेय. विद्यापीठातल्या लोकांवरची तर विशेष आवडीने. पण ती बघताना पैशाचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

चित्र असं आहे. उंचावर एक गृहस्थ चौकोनी टोपी घालून हातातलं वाचतायत. कागदावर दोन लॅटिन शब्द दिसतात, ‘दातुर वाकुउम’, म्हणजे निर्वात पोकळी असते. हा तेव्हाच्या भौतिकशास्त्रातला खराखुरा वाद होता. होगार्थने तो उचलून सरळ समोरच्या डोक्यांवर नेऊन ठेवलाय. त्या डोक्यांकडे एकेक करून बघावं लागतं. कुणाचा जबडा सैल सुटलाय, कुणाच्या पापण्या जड झाल्यात, कुणी आपल्याच कुठल्या तरी आठवणीने गालात हसतोय, कुणी इतका आंबट चेहरा करून बसलाय की त्याला बहुधा सकाळपासून पोटदुखी असावी. एकालाही ऐकू येत नाहीये. आणि हे सगळं रेघांनी. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने तो ओरखडत चित्र काढायचं, पत्रा आम्लात बुडवायचा, म्हणजे उघड्या पडलेल्या रेघा खोल खाल्ल्या जातात. मग शाई भरून, पत्रा पुसून, ओलसर कागदावर दाबून छाप घ्यायचा. तिरक्या उजेडात धरलं तर पत्र्याच्या कडेने दबलेला कागद अजूनही दिसतो. खालच्या ओठाची लोंबती गोलाई दाखवायला होगार्थला दोन-तीन छोट्या वळणदार रेघा पुरल्यात. त्या रेघांवर माझा जीव आहे, आजही.

चित्रावर तारीख आहे 3 मार्च 1736. आपल्या हिशेबाने ते 1737, कारण तेव्हा इंग्लंडात नवं वर्ष 25 मार्चला लागायचं. वाचणारे गृहस्थ काल्पनिक नाहीत. जॉन निकोल्सने पुढे होगार्थच्या आठवणी जमवल्या, त्यांत लिहून ठेवलंय की हे ऑक्सफर्डच्या जीझस कॉलेजचे फिशर, विद्यापीठाचे रजिस्ट्रार, आणि त्यांच्या राजीखुशीनेच त्यांचं हे चित्र काढलं गेलं. हे वाचल्यावर चित्र माझ्यासाठी बदलून गेलं. ज्याची टर उडवायची तो माणूस स्वतःच होकार देऊन बसलाय! त्याला स्वतःच्या जागेची किती शाश्वती असेल! या हसण्याने आपल्या केसालाही धक्का लागणार नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

ती शाश्वती कुठून आली, त्याचं उत्तर मामांनी आयुष्यभर ज्याची टिपणं दिली त्याच माणसाकडे निघालं. ॲडम स्मिथ 1740 मध्ये ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात आला, म्हणजे हे चित्र विकायला आल्यावर तीनच वर्षांनी, आणि सहा वर्षं तिथे राहिला. पुढे 1776 च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या आपल्या मोठ्या ग्रंथात त्याने लिहिलं की ऑक्सफर्डच्या बहुतेक प्राध्यापकांनी कित्येक वर्षांपासून शिकवण्याचं नाटक करणंसुद्धा सोडून दिलंय. टाचणीचा कारखाना आणि श्रमविभागणी मामांच्या अभ्यासक्रमात होती, हे पान नव्हतं. मी फोनवर त्यांना ते वाचून दाखवलं. स्मिथ कुणाला आळशी म्हणून थांबत नाही, तो हिशेब मांडतो. कॉलेजांना राजांनी, बिशपांनी, सरदारांनी जमिनी देऊन ठेवलेल्या. त्यांचा खंड येत राहणार, त्यातून फेलोंचा, म्हणजे कॉलेजच्या कायम सभासद असलेल्या पंडितांचा, वाटा निघत राहणार. वर्गात दहा पोरं बसली काय नि एकही नाही बसलं काय, ताटात तेवढंच पडणार. उलट ग्लासगोत, जिथे स्मिथने स्वतः शिकवलं, तिथे प्राध्यापकाच्या मिळकतीचा मोठा भाग विद्यार्थ्यांनी हातात ठेवलेल्या फीमधून यायचा.

“म्हणजे वतन झालं की हे,” मामा फोनवर म्हणाले.

वतनच. आणि वतनदाराला त्याच्या गावात जेवढी मोकळीक, तेवढीच एक अट. फेलोने लग्न करायचं नाही. केलं की जागा गेली. मग बहुतेक जण वाट बघत बसायचे. कॉलेजच्या ताब्यातल्या एखाद्या खेड्यातल्या चर्चची पाद्रीची जागा रिकामी व्हावी, म्हणजे तिथला म्हातारा पाद्री एकदाचा जावा, मग तिथे जाऊन संसार थाटता येईल. कुणाची कुठे तरी ठरलेली मुलगी असायची, तीही थांबायची. यात वर्षं जायची. पुढे इतिहासकार म्हणून गाजलेला एडवर्ड गिबन 1752 मध्ये मॉडलिन कॉलेजात गेला आणि तिथले चौदा महिने आपल्या आयुष्यातले सर्वांत आळसाचे आणि निरुपयोगी होते, असं त्याने लिहिलंय. कॉलेजातल्या भानगडी, राजकारण, कुणाच्या घरच्या गोष्टी, याच चक्रात फेलोंच्या गप्पा फिरायच्या आणि वर दारू रिचवली जायची. गिबनचा राग मला पटतो. पण चित्रांतले ते गुबगुबीत, लालबुंद, पोट सुटलेले प्राध्यापक आता बघते तेव्हा मला त्या पोटामागे थांबून राहिलेली माणसं दिसतात. जेवणाच्या खोलीत रोज तेच चेहरे, तेच पत्ते, आणि एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मरणावर टांगलेलं स्वतःचं जगणं.

पत्त्यांचं म्हटलं, कारण हेन्री बनबरीने नाताळच्या सुट्टीत व्हिस्ट खेळणारे केंब्रिजचे प्राध्यापक काढलेत. बनबरी हा सफकच्या बॅरोनेटचा मुलगा, स्वतः केंब्रिजला सेंट कॅथरिन्समध्ये शिकलेला. चित्रकला त्याच्या पोटापाण्याची नव्हती. त्याचं 1774 चं ‘द होप्स ऑफ द फॅमिली’ मला या सगळ्या चित्रांत सर्वांत जवळचं वाटतं. गावाकडचा बाप पोराला विद्यापीठात दाखल करायला घेऊन आलाय. पोरगं अवघडून उभं, समोर विगवाला प्राध्यापक, आणि बापाच्या अंगभर तो अभिमान. बनबरीला हसायचंय ते खेडवळ बापाला आणि बावरलेल्या पोरालाच, यात शंका नाही. त्याच्या वर्गातल्या माणसाला ते विनोदीच दिसणार. पण हात त्याचा इतका खरा आहे की हसू बाजूला राहतं आणि बापाचा चेहरा उरतो. असा बाप मी कॉलेजच्या प्रवेशाच्या रांगेत पाहिलाय, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती छातीशी धरलेला.

मामांच्या घरी हॉलमध्ये त्यांचा पदवीदानाचा फोटो आहे. काळा गाऊन, चौकोनी टोपी, हातात गुंडाळी. गाऊन स्टुडिओवाल्याचाच, तालुक्यातल्या प्रत्येक पदवीधराने घालून झालेला. मामी सांगायच्या की त्याला डांबराच्या गोळ्यांचा इतका वास यायचा की फोटो काढून आल्यावर मामांचा सदरा दोन दिवस उन्हात घालावा लागला. गुंडाळी कोऱ्या कागदाची. खरी डिग्री मागून पोस्टाने आली. लहानपणी मला ती टोपी म्हणजे हुशारीचं शिक्कामोर्तब वाटायची. ऑक्सफर्डमध्ये ती टोपी आधी माणसाची पायरी सांगायची. सरदाराच्या मुलाच्या टोपीला सोनेरी गोंडा, श्रीमंत घरच्या मुलाला रेशमी गाऊन, आणि जो गरीब मुलगा कॉलेजातली कामं करून शिकायचा, त्या सर्व्हिटरच्या टोपीला गोंडाच नाही. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तर 1769 मध्ये गोल टोपीऐवजी चौकोनी टोपी मिळावी म्हणून अर्ज केला होता. डोक्यावर काय आहे यावरून टेबलाशी कुठे बसायचं ते ठरत असेल, तर तो अर्ज मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही.

मामांच्या नोट्स पिवळ्या होत्या. हे मी प्रेमाने सांगतेय. पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, समासात वेगवेगळ्या शाईत भर घातलेली, एखाद्या पानाला नवीन अर्थसंकल्पाचं कात्रण टाचलेलं. ते वर्गात वाचून दाखवायचे आणि मुलं लिहून घ्यायची, कारण पुस्तक घेण्याची ऐपत अर्ध्या वर्गाची नसायची. बाहेरून खिडकीतून कुणी बघितलं असतं तर अगदी होगार्थचंच चित्र दिसलं असतं, उंचावर वाचणारा आणि खाली पेंगणारी डोकी. त्यातली काही डोकी पहाटे उठून दूध घालून आलेली होती, हे चित्रात आलं नसतं.

स्मिथचं पान ऐकल्यावर मामा थोडा वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या एका विद्यार्थ्याचं सांगितलं. नेट झालेला, पीएचडी झालेला, आणि आज चाळिशीत तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवणारा. जेवढे तास घेतले तेवढेच पैसे, तेही महिनोन्महिने रखडत येणारे. सुट्टीत काहीच नाही. मुलीकडचे लोक येतात, ‘पर्मनंट कधी होणार’ विचारतात आणि निघून जातात. “स्मिथला सांग,” मामा म्हणाले, “वर्गावर पैसे दिले तरी माणूस असा होतो.” त्यांचा आवाज चढला होता. मला वाटतं त्या अभ्यासिकेत कागदावर वाकले होते तेव्हाही ते त्याच मुलाचा विचार करत होते. एकाला शिकवलं नाही तरी मिळतंय म्हणून लग्न करता येत नाही, दुसऱ्याला शिकवूनही मिळत नाही म्हणून. स्मिथच्या हिशेबात चूक नाही. तो हिशेब फिशरच्या ऑक्सफर्डचा आहे, आणि त्या विद्यार्थ्यासाठी मला अजून कुठे हिशेब मांडलेला दिसत नाही.

एवढी चित्रं निघाली, मग ऑक्सफर्ड आणि केंब्रिज हललं का? नाही हललं. सरकारी चौकशी आयोग बसला तो 1850 मध्ये, म्हणजे होगार्थच्या त्या चित्रानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे, नसलेल्यांना अडवणारी धर्माची अट 1871 मध्ये उठली, आणि फेलोंना सर्रास लग्नं करता येऊ लागली ती त्यानंतर. मला वाटतं याचं एक कारण चित्रांतच आहे. ती काढणारे आणि विकत घेणारे बहुतेक आतलेच, किंवा आत ज्यांचे भाऊ-मुलं होती असे. साधा छाप सहा पेन्सना, हाताने रंगवलेला शिलिंगला मिळायचा. पिकॅडिलीत फोर्सच्या दुकानातून व्यंगचित्रांचा अख्खा गठ्ठा एका संध्याकाळपुरता भाड्याने नेता यायचा, घरी जमलेल्या पाहुण्यांसाठी. जेवण झालं की पानं उलटत हसायचं. ज्याच्या पोटाला हसायचं तो शेजारच्याच खुर्चीत असायचा, तोही हसायचा. चेहरा दिसत होता, खंड कुठल्या शेतावरून येतो ते दिसत नव्हतं. निकोलस ॲमहर्स्टसारखा ज्याला खरोखर लागलं होतं तो वेगळा. त्याला 1719 मध्ये सेंट जॉन्स कॉलेजमधून काढून टाकलं, त्याने ऑक्सफर्डवर जळजळीत लेख लिहिले, आणि 1726 मध्ये ते पुस्तकरूपाने आले तेव्हा त्याचं मुखचित्र तरुण होगार्थनेच काढलं.

आणि रॉबर्ट डायटन. याची गोष्ट मी कुणालाही सांगायला लागले की थांबता येत नाही. गायक, नट आणि चित्रकार असा हा माणूस ब्रिटिश म्युझियममध्ये येऊन बसायचा, तिथल्या अधिकाऱ्यांशी गोड बोलायचा, त्यांची चित्रं काढून द्यायचा, आणि जाताना रेम्ब्राँटची एचिंग्ज, म्हणजे अशीच आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून छापलेली चित्रं, आपल्या कागदांत सरकवून न्यायचा. 1806 मध्ये एका व्यापाऱ्याला संशय आला आणि सगळं उघडकीला आलं. ज्या अधिकाऱ्याने विश्वास टाकला त्याची नोकरी गेली. लंडनमध्ये तोंड दाखवायची सोय उरली नाही, म्हणून डायटन ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला गेला आणि तिथल्या प्राध्यापकांची रंगीत चित्रं काढून पोट भरू लागला. ‘अमुक कॉलेजमधून दिसणारं दृश्य’ असं खाली लिहायचं आणि दृश्य म्हणून एक पोट सुटलेला प्राध्यापक, गाऊन वाऱ्यावर, अख्खा उभा. ही चित्रं मवाळ आहेत, जवळजवळ लाडिक. ज्याला आसरा हवाय तो आणखी काय काढणार?

होगार्थ मवाळ नाही. का नाही, ते त्याच्या घरात आहे. त्याचे वडील रिचर्ड होगार्थ वेस्टमोरलंडहून लंडनला आलेले शाळामास्तर. लॅटिनचे चांगले जाणकार. मुलांसाठी पाठ्यपुस्तकं लिहिली, शिकवण्या केल्या, आणि शेवटी क्लार्कनवेलला सेंट जॉन्स गेटपाशी एक कॉफी हाउस काढलं, जिथे येणाऱ्यांनी लॅटिनमध्ये बोलायचं. ते बुडालं. कर्जापायी रिचर्डना फ्लीटच्या तुरुंगात जावं लागलं तेव्हा विल्यम दहा-अकरा वर्षांचा होता, आणि कुटुंब तिथून सुटायला 1712 उजाडलं. मोठा लॅटिन शब्दकोश त्यांनी लिहीत आणला होता. पुस्तकविक्रेत्यांनी झुलवत ठेवलं, कोश कधी छापला गेला नाही, आणि 1718 मध्ये ते वारले. विद्वत्तेवर वडिलांची काय दैना झाली, म्हणून आपण लेखणी सोडून हाताचं काम शिकलो, असं पुढे होगार्थने स्वतः लिहिलं. तो चांदीवर कोरीव काम करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. ऑक्सफर्डमध्ये त्याने पाऊल टाकलं असेल ते बाहेरचा म्हणून.

हे एकदा कळल्यावर त्या लोंबत्या ओठांच्या रेघा वेगळ्या दिसतात. ज्याच्या बापाने आयुष्य लॅटिनवर ओवाळून टाकलं आणि त्याबद्दल कोठडी मिळवली, तो या लॅटिन ऐकत पेंगणाऱ्यांकडे बघतोय. पोटं भरलेली, उद्याची चिंता नाही, आणि ज्ञान समोर वाचलं जातंय तेही नको आहे. त्याच महिन्यात होगार्थने दुसरंही एक चित्र विकायला काढलं, ‘द डिस्ट्रेस्ड पोएट’. पोटमाळ्यावरची खोली, कवी विगखाली डोकं खाजवत ओळ शोधतोय, बायको त्याची फाटकी विजार शिवत बसलीय, पलंगावर बाळ रडतंय, कपाट रिकामं, कुत्रं शेवटचा मांसाचा तुकडा पळवतंय, आणि दारात गवळण उभी राहून दुधाचे पैसे मागतेय. होगार्थ त्या कवीलाही सोडत नाही, वेडा म्हणूनच दाखवतो. पण त्या खोलीत त्याला प्रत्येक वस्तू माहीत आहे. ही दोन चित्रं बहुतेक वेळा वेगवेगळ्या विषयांखाली दाखवतात, एक विद्यापीठाखाली, एक लेखकाखाली. मला ती शेजारी शेजारी हवीत.

शेजारी ठेवली की आणखी एक गोष्ट नजरेत भरते. पोटमाळ्यावर दोन बायका आहेत आणि दोघीच कामाचं काहीतरी करतायत. व्याख्यानाला एकही बाई नाही, असणं शक्यच नव्हतं. आज या चित्रांवर कुणीही दोन ओळी लिहायला बसलं की हाताशी घ्यावे लागतात ते ब्रिटिश म्युझियमच्या सूचीचे खंड. 1771 ते 1832 या काळातल्या हजारो व्यंगचित्रांचे सात खंड, पाचव्यापासून अकराव्यापर्यंतचे, एकट्या डोरोथी जॉर्ज यांनी केले. प्रत्येक चित्रात कोण कुठे उभं आहे, काय म्हणतंय, कुणाच्या हातात काय आहे, हे सगळं त्यांनी बघून, ओळखून, शब्दांत उतरवलं. त्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात शिकल्या होत्या. त्यांच्या विद्यार्थिदशेत केंब्रिज मुलींना परीक्षेला बसू द्यायचं, पदवी द्यायचं नाही. ती द्यायला सुरुवात झाली 1948 मध्ये. तेव्हा डोरोथीबाई सत्तरीच्या होत्या आणि त्यांचं काम चालूच होतं. शेवटचा, अकरावा खंड 1954 मध्ये आला. मामांना मी त्यातलीच काही पानं आता छापून पाठवणार आहे, कारण पुढच्या वेळी कोणती चित्रं मागवायची ते त्यांना स्वतः ठरवायचंय.